दिव्याचे तास

शनिवारी संध्याकाळी सिनेमा लावला आणि भिंतीवरचा नायक डोक्यावर चालत आत आला. त्याच्यामागून एक बाई आली, तीही उलटी, हातात उलटी छत्री घेऊन.

"ही बरी व्यायामशाळा!" नवरा म्हणाला.

बॅटरीभाऊजींनी पटकन रिमोट उचलला, तीन बटणं दाबली आणि चित्र सरळ झालं. बॅटरी हे नवऱ्याच्या धाकट्या भावाचं खरं नाव नव्हे. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि त्याच्या खिशात कायम एक बॅटरी असायची, म्हणून घरात तेच नाव पडलं होतं.

सगळे हसले. हसली नाही ती फक्त सून. मेनूत 'प्रोजेक्टर छताला टांगलेला आहे' असं सांगणारी एक खूण असते, ती लावली की चित्र उलटं होतं, हे तिला माहीत होतं. तिने ती लावली नव्हती. आणि ती नेमकी कुठे आहे हे भाऊजींना शोधावं लागलं नव्हतं. बोट सरळ तिथे गेलं होतं.

तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथे.

तशी शंका घेणं हाच तिचा धंदा होता. शहरभरचे तापमापक आणि वजनकाटे तिच्या प्रयोगशाळेत यायचे, आणि ते खरं बोलतात की खोटं हे ती ठरवायची. प्रोजेक्टर घ्यायला गेली तेव्हाही ती प्रयोगशाळेतला प्रकाशमापक पर्समध्ये घालून गेली होती. दुकानातल्या अंधाऱ्या खोलीत तिने पडद्याचे चार कोपरे आणि मध्य असे पाच आकडे तिन्ही यंत्रांचे घेतले. पंख्याचा आवाज ऐकायला यंत्राला कान लावला. शेवटी दुकानदार म्हणाला, "मॅडम, सिनेमा बघायचाय की एक्स-रे काढायचाय?"

तिला पसंत पडलेल्या यंत्राचा उजेड जास्त होता. पण बरोबर आलेल्या भाऊजींनी दुसऱ्याचा हट्ट धरला. "वहिनी, याचा विलंब बघा. सोळा मिलिसेकंद. त्याचा शंभराच्या वर आहे."

विलंब म्हणजे समोर काही घडल्यापासून भिंतीवर दिसेपर्यंत जाणारा वेळ. गेम खेळणाऱ्यांना त्याची पडलेली असते. सिनेमा बघणाऱ्याला शंभर काय नि दोनशे काय, काही फरक पडत नाही.

"आपल्यात गेम कोण खेळतं?" तिने विचारलं होतं.

"असू द्या हो. पुढेमागे उपयोगी पडेल."

नवऱ्याने भावाची बाजू घेतली आणि कमी विलंबाचं यंत्र घरी आलं. आता, उलट्या नायकानंतर, तिला तो हट्ट आठवला. त्या यंत्रात आणखी एक पान होतं, जे सहसा कुणी उघडत नाही: दिवा एकूण किती तास जळला ते सांगणारं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ते उघडलं. पाच आठवड्यांत त्यांनी नऊ सिनेमे पाहिले होते, फार तर तेवीस तास. दिवा जळला होता एकसष्ट तास.

मग वही आली. रोज सकाळी निघण्यापूर्वी एक आकडा, संध्याकाळी परतल्यावर एक. सोमवारी दोन तासांचा फरक. मंगळवारी पावणेदोन. बुधवारी दोन. खिडकीच्या पडद्यांच्या कडांवर कपडे वाळत घालायच्या चिमट्यांचे दात उमटलेले. बुधवारी ओट्यावर धुऊन उपडे घातलेले दोन कप, आणि सकाळी तिने एकही कप तिथे ठेवला नव्हता.

घराच्या चार किल्ल्या होत्या. तिची तिच्याकडे. नवरा दिवसभर त्याच्या औषधांच्या दुकानात. सासरे सकाळी नऊला आपलं घड्याळदुरुस्तीचं दुकान उघडायला जायचे ते सहाला परतायचे, आणि प्रोजेक्टरबद्दल त्यांचं मत पहिल्या दिवसापासून वाईट होतं. सिनेमा चालू असताना ते तोंड वळवून बसायचे, भिंतीकडे बघितलंच तर तिरक्या नजरेने, जणू शेजाऱ्यांच्या भांडणाकडे बघावं तसं. चौथी किल्ली भाऊजींची. ते दोन गल्ल्या पलीकडे भाड्याच्या खोलीत राहायचे, पण जेवायला, झोपायला, कपडे धुवायला हक्काने इथे यायचे. सासूबाई गेल्यानंतर लग्न होऊन या घरात आलेल्या वहिनीला 'आमचं घर' न म्हणता 'तुमचं घर' म्हणणारे ते एकटेच होते. त्यांच्याकडून किल्ली परत मागायची म्हणजे काय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण दोन कप होते. भाऊजी कुणाला तरी आणत होते.

"तू त्याच्या मागे फौजदार लावलास का?" नवऱ्याने वही बघून विचारलं.

"मी आकडे लिहितेय."

"मग विचार ना त्याला सरळ."

"आधी आठवडा पुरा होऊ दे. अर्धवट मोजमापावर मी बोलत नाही."

गुरुवारी मात्र घोटाळा झाला. भाऊजी बुधवारी रात्रीच परगावी गेले होते, एका नव्या इमारतीच्या कामाला, आणि शुक्रवारी पहाटे परतणार होते. दुपारी त्यांनी लिफ्टच्या खड्ड्यातून स्वतःचा काळाकुट्ट फोटोही पाठवला होता. तरी गुरुवारी दिवा दोन तास दहा मिनिटं जळला होता. तिने तो आकडा दोनदा पाहिला. मग सकाळचा आपणच घाईत चुकीचा वाचला असणार असं ठरवून त्या ओळीवर तिरकी रेघ मारली आणि पुढे लिहिलं: वाचनात चूक.

प्रयोगशाळेत हाताखालच्या कुणी, मनाजोगता येत नाही म्हणून एखादा आकडा असा खोडला असता, तर तिने त्याला दारातून बाहेर काढलं असतं.

शुक्रवारी पुन्हा दोन तास.

रविवारी सासरे फिरायला गेले असताना तिने विषय काढला. भाऊजी जमिनीवर बसून बॅटरीचा सेल बदलत होते.

"भाऊजी, दुपारी घरी येता का तुम्ही?"

"येतो की कधीमधी. पाणी प्यायला."

"पाणी प्यायला दोन तास लागतात?"

"तहानच तेवढी लागते, वहिनी." ते हसले, पण सेल काही जागेवर बसेना.

तिने वही पुढे सरकवली. त्यांनी एकेका ओळीवर बोट फिरवत ती वाचली, आणि बोट रेघेपाशी थांबलं.

"हे का खोडलंय?"

"ते चुकलं होतं."

"कसं काय चुकलं?"

"तुम्ही तर परगावी होतात ना त्या दिवशी."

"म्हणजे मी परगावी होतो म्हणून मशीन चुकलं?" त्यांनी मान वर केली. "वा वहिनी!"

तिचा चेहरा तापला. "विषय बदलू नका. दोन कप होते. कुणाला आणता इथे?"

"अगं..." नवरा म्हणाला.

"नाही, मला कळू द्या. घरात आम्ही कुणी नसताना, पडदे लावून, कोण येतं इथे?"

भाऊजींनी भावाकडे पाहिलं. मग सासऱ्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. काहीतरी ओठांवर आलं होतं, हे तिला स्पष्ट दिसलं. ते त्यांनी गिळलं हेही दिसलं. त्यांनी जुडग्यातून किल्ली सोडवली. घट्ट कडी होती, नख तुटलं. किल्ली वहीवर ठेवली.

"घ्या. दिवा तुमचा, घर तुमचं."

'तुमचं घर' हे शब्द तेच होते. पण या वेळी अर्थ उलटा होता.

सोमवारी तिने वही उघडली ती केवळ सवयीने. सकाळचा आकडा, संध्याकाळचा आकडा, आणि मधला फरक दोन तास पाच मिनिटं. ओट्यावर कप एकच.

किल्ली तिच्याच कपाटात होती. मग तिने पान उलटून गुरुवारची ओळ काढली. तिरक्या रेघेखाली आकडा अजून नीट वाचता येत होता. तो पहिल्यापासून खरं बोलत होता, आणि तिने त्याचंच तोंड बंद केलं होतं.

मंगळवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि साडेबाराला आवाज न करता दार उघडलं.

दिवाणखान्यात भर दुपारी काळोख होता. पडद्यांना चिमटे लावलेले. आणि समोरच्या भिंतीवर, जिथे शनिवारी नायक चालायचा, तिथे परातीएवढं एक पितळी चाक डावीउजवीकडे झुलत होतं. त्याच्यामागे दुसरं चाक, तिसरं, लाल खडे, केसासारखी गुंडाळलेली स्प्रिंग, पण जाडी दोरखंडाची. पहारीएवढा एक चिमटा आत आला, क्षणभर थरथरला आणि खलबत्त्याएवढा स्क्रू अलगद उचलून घेऊन गेला.

मेजावर डब्यांच्या थप्पीला बांधलेला मोबाइल खाली तोंड करून होता, त्याची वायर प्रोजेक्टरला. मोबाइलखाली कुणाचंतरी मनगटी घड्याळ उघडं पडलं होतं. सासरे त्याच्यावर वाकले नव्हते. हात घड्याळावर होते आणि मान तिरकी करून ते भिंतीकडे बघत होते. शेजाऱ्यांच्या भांडणाकडे बघावं तसं.

"बाबा."

चिमटा मेजावर पडला. भिंतीवर पहार कोसळली.

"तू? आज लवकर?"

मग त्यांनीच हळूहळू सांगितलं. समोर बघितलं की मधोमध डाग येतो. कडेचं दिसतं, मधलं पुसलं जातं. दीड वर्ष झालं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय की हे बरं होणारं नाही. डोळ्याला लावायच्या भिंगातून कडेने बघता येत नाही. "पण चित्रच एवढं मोठं केलं ना, की डागाच्या बाहेर पुष्कळ उरतं. मग कडेने बघून काम होतं. बाराला दुकानावर जेवणाच्या सुट्टीची पाटी लावतो आणि इथे येतो. चारला परत."

"आणि हात हलल्याबरोबर भिंतीवर दिसायला हवा," ती सावकाश म्हणाली. "उशीर झाला तर चिमटा चुकीच्या जागी पडेल. सोळा मिलिसेकंद."

"ते आकडे धाकट्याला माहीत. त्यानेच हे सगळं जुळवून दिलं. सुरुवातीला रोज यायचा, वायर लावून द्यायचा, समोर बसून चहा प्यायचा. मोबाइल समोरच्या बाजूने धरावा लागतो, चित्र उलटं येतं, ते कसं सरळ करायचं तेही शिकवलं. त्या शनिवारी मीच परत फिरवायला विसरलो." ते थांबले. "थोरल्याला सांगू नकोस. तो आधीच म्हणतो दुकान बंद करा. आणि गिऱ्हाइकाला कळलं तर आंधळ्याकडे घड्याळ कोण देईल? धाकट्याकडून मी शपथ घेतलीय."

"ती त्यांनी पाळली, बाबा." ती म्हणाली. "मी त्यांची किल्ली काढून घेतली. रविवारी. तुम्ही फिरायला गेला होतात तेव्हा."

सासरे तिच्याकडे बघायला वळले आणि मग, तिला बघता यावं म्हणून, थोडे बाजूला वळले.

"काही बोलला नाही मला," ते म्हणाले. "काल फोनवर म्हणाला, काम आहे, यायला जमत नाही."

"मी काही सांगणार नाही. मी म्हणेन मीटर वाचताना माझीच चूक झाली."

"तू? चूक झाली म्हणशील?" त्या स्थितीतही त्यांना हसू आलं. "कोण विश्वास ठेवेल? नको. शनिवारी बोलाव त्याला. मी बघतो."

तिने त्याच दुपारी भाऊजींना फोन लावला.

"शनिवारी या."

"किल्ली नाही माझ्याकडे."

"माझं चुकलं, भाऊजी. गुरुवारचा आकडा बरोबर होता."

पलीकडे लिफ्टचं दार करकरलं. "बाबांनी सांगितलं?"

"मी बघितलं."

"बघू," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

शनिवारी ते आले. नवरा पॉपकॉर्नचं भांडं मांडीवर घेऊन बसला. सासऱ्यांनी खुर्ची मेजापाशी ओढली, थोरल्यापुढे हात केला आणि म्हणाले, "तुझं घड्याळ दे."

"आता? मागच्याच महिन्यात तर साफ केलंत. सेकंदाचा फरक नाही त्यात. दुकानात सगळ्यांना सांगतो मी, बाबांच्या हाताला तोड नाही."

"दे."

भाऊजींनी न सांगता वायर लावली. दिवा पेटला आणि नवऱ्याचं घड्याळ भिंतभर उघडलं. पहारीएवढा चिमटा आत शिरला. नवऱ्याने भिंतीकडे पाहिलं, मग बापाच्या तिरक्या मानेकडे, मग पुन्हा भिंतीकडे. त्याला काहीही समजावून सांगावं लागलं नाही. औषधं विकणाऱ्या माणसाने असे डोळे काउंटरपलीकडे पुष्कळ पाहिलेले असतात.

"कधीपासून?"

"तुझं साफ केलं त्याच्या आधीपासून," सासरे म्हणाले. "आता सांग, दुकान बंद करू?"

नवऱ्याचा हात भांड्यात तसाच राहिला. चिमट्यातून स्क्रू निसटला, भिंतीवर घरंगळत गेला आणि चाकामागे दिसेनासा झाला. सासरे मान आणखी वळवून शोधू लागले.

"डावीकडे, बाबा," शेवटी नवरा म्हणाला. "लाल खड्याच्या खाली. हां, तिथेच."

भाऊजी निघाले तेव्हा तिने दारात त्यांच्या हातावर किल्ली ठेवली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली.

"तपासून घेतलीत ना? बरोबर आहे?"

"भाऊजी..."

"गंमत केली हो." त्यांनी किल्ली कडीत अडकवली.

गुरुवारच्या ओळीतली रेघ काही पुसली जाईना, म्हणून तिने शेजारी 'बरोबर' असं लिहिलं, खाली सही केली आणि वही बंद केली. भाऊजी सोमवारपासून पुन्हा दुपारचे येऊ लागले, जेवायलाही येऊ लागले. पण आता ती घरी असली की ते आधी बेल वाजवतात. आतून ती ओरडते, "अहो, किल्ली आहे ना तुमच्याकडे!" तरी ते बाहेर उभे राहतात, आणि ती हात पुसत दार उघडायला जाते.