निळ्या पाण्याचा फोटो

आत्याचा स्टुडिओ पहिल्या मजल्यावर, चष्म्याच्या दुकानावर होता. जिना इतका अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला उलट पावली खाली जावं लागे. आत्यानं जन्मभर तिथं पासपोर्टचे फोटो काढले. "मान वर. हसू नका, हसण्यासारखं काही घडलेलं नाही," असं ती गिऱ्हाइकाला दरडावायची, आणि हमखास ते हसायचंच. तिची भाची तिच्याच हाताखाली तयार झाली. आता स्टुडिओ भाचीच चालवायची. सगळे तिला फोटोवाली म्हणत.

सुट्टीच्या दिवशी मात्र फोटोवाली माणसांकडे पाठ फिरवायची. स्कूटरला कॅमेऱ्याची तिपाई बांधून ती गावाबाहेर जायची आणि माणसांनी जमिनीचं काय करून ठेवलंय ते टिपायची. अर्धा कापून नेलेला डोंगर. फेसानं भरलेला ओढा. कचऱ्याच्या ढिगात कमरेपर्यंत पुरलेलं झाड. अशा फोटोंचं तिनं प्रदर्शनही भरवलं. बघायला नातेवाईक आले, आणि चहा झाल्यावर त्यांनीही काढता पाय घेतला.

"रस्त्यानं येताजाता हेच दिसतं गं," आत्या म्हणाली. "तेच पुन्हा भिंतीवर कोण बघणार?"

फोटोवालीला ते लागलं, कारण ते खरं होतं. कुरूप गोष्टीवरून नजर आपोआप घसरते. तिनं ठरवलं, आता असा फोटो काढायचा की नजर खिळून राहील. आधी डोळे अडकू देत, मग डोकं विचार करेल.

गावापासून लांब एक बंद पडलेली चुन्याची खाण होती. दगड काढून काढून डोंगराच्या पोटात मोठा खड्डा झाला होता, आणि भट्ट्यांमधला उरलेला माल बरीच वर्षं त्यातच ओतला गेला होता. खड्ड्यात पाणी साठलं आणि त्या पाण्याला रंग चढला. असा निळा-हिरवा की बघणाऱ्यानं दोन पावलं पुढं यावं. त्यात मासा नव्हता, शेवाळ नव्हतं, काठावर गवताची काडी नव्हती. बोट बुडवलं तर साबणासारखं बुळबुळीत लागायचं. फोटोवाली उन्हं कलेपर्यंत वर कड्यावर थांबली. खाली पांढरे कातळ सोनेरी झाले, आणि मधोमध ते पाणी एखाद्या खड्यासारखं उजळलं. असा फोटो तिनं याआधी कधीच काढला नव्हता.

वर्तमानपत्राच्या पुरवणीत तो अर्धं पान छापून आला. खाली ओळ होती: 'हे तळं नाही, ही जखम आहे. हे पाणी अंग भाजतं.' आत्यानं तो अंक खालच्या चष्मेवाल्यालाही नेऊन दाखवला.

मग कुणीतरी फोटो कापून खालची ओळ वगळली आणि फोनवरून पुढं पाठवला. दुसऱ्यानं वर लिहिलं, 'परदेशात कशाला जायचं, हे बघा इथंच!' महिन्याभरात खाणीच्या वाटेवर गाड्यांची रांग लागली.

हे तिला कळलं ते एका जोडप्याकडून. लग्न ठरलेलं होतं. नवरी बोलकी, नवरा मुलगा तिच्यामागं पिशव्या धरून उभा.

"आम्हाला त्या निळ्या पाण्यात फोटो हवेत," नवरी म्हणाली. "तुमचीच जागा ना ती?"

"ती जागा माझी नाही, आणि त्या पाण्यात पाय घालायचा नाही. चुना आहे त्यात. कातडी जाईल."

"अहो, रोज लोक पोहतात तिथं! तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा."

"मला जमेल. पण मी करणार नाही."

नवरीचा चेहरा पडला. "स्वतः नाव कमावलंत, आता दुसऱ्यांना नको म्हणता," असं म्हणून ती खाली उतरली. पिशव्यांसकट नवरा मुलगाही.

फोटोवाली दुसऱ्याच दिवशी खाणीवर गेली. काठावर चादरी पसरून घरची घरं बसली होती. पोरं पाण्यात उड्या मारत होती. ती ओरडून सांगू लागली, तशी एका बाईनं हसून विचारलं, "फोटो तुम्हीच काढलात ना, ताई? मग कशाला घाबरवता?" फोटोवाली तशीच घरी परतली. तिनं मोठा फलक रंगवून आणला, 'पाणी धोकादायक आहे.' पुढच्या खेपेला गेली तर लोक फलकाशेजारी उभं राहून फोटो काढत होते, आणि फलकावर कुणाचे तरी ओले टॉवेल वाळत होते.

"करायला गेले एक आणि झालं भलतंच," ती घरी येऊन म्हणाली. जेवण तिला जाईना.

"त्या पाण्यानं लोकांना चुना लावला, आणि तुझ्या हातानं," आत्या म्हणाली. एरवी असं बोलून ती स्वतःच हसली असती. या वेळी तिनं भाचीच्या पाठीवर हात ठेवला. "मी बोलले ते बोलले. पण तू फोटो खोटा नाही काढलास. जेव चार घास."

थोड्याच दिवसांनी जिन्यावर धापा टाकल्याचा आवाज आला. नवरा मुलगा वर आला, पाठीवर नवरी, आणि मागून नवरीची आई. नवरीचे दोन्ही पाय गुडघ्यांपर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेले होते.

आई दारातूनच सुरू झाली. "बघा! तुमच्या फोटोपायी माझ्या लेकीचे पाय सोलून निघाले! लग्न तोंडावर आलंय आणि पोरीला उभं राहता येत नाही!"

फोटोवालीला म्हणता आलं असतं की मी मनाई केली होती. पण ते पाय बघून ती आधी वाटेतली तिपाई बाजूला करू लागली. आत्यानं खुर्ची पुढं सरकवली.

"आई, बस कर," नवरी खुर्चीत टेकत म्हणाली. "यांनी नको म्हटलं होतं. मीच हट्टानं दुसऱ्या फोटोवाल्याला घेऊन गेले." मग ती फोटोवालीकडे वळली. "तेव्हा काहीच दुखलं नाही हो. उलट मऊ मऊ वाटत होतं. फोटो संपेना, मी आपली गुडघाभर पाण्यात उभी. रात्री आग व्हायला लागली."

"आणि तुम्ही?" आत्यानं नवऱ्या मुलाला विचारलं.

"मी दगडावर होतो. बुटात," तो मान खाली घालून म्हणाला. "तेव्हापासून जिथं जायचं तिथं हिला पाठीवरून नेतो."

"नेलंच पाहिजे," आत्या म्हणाली.

नवरीनं येण्याचं कारण सांगितलं. पाण्यातले तिचे फोटो त्या फोटोवाल्यानं सगळीकडे पाठवले होते. ते बघून तिची मावसबहीण आता मुलाबाळांना घेऊन तिथं जायला निघाली होती. नवरीनं फोनवर परोपरीनं सांगितलं, तर बहीण म्हणाली, तू तर किती छान दिसतेस त्यात!

"म्हणून माझ्या पायांचा फोटो काढा," नवरी म्हणाली. "पट्ट्या सोडून."

"काही नको!" आई उसळली. "लग्नाच्या मुलीचे असले पाय साऱ्या जगाला दाखवायचे? लोक काय म्हणतील?"

"पाण्यातली मी लोकांनी पाहिलीच आहे ना? मग त्यानंतरची पण पाहू देत."

फोटोवाली तिच्यासमोर जमिनीवर बसली. "एकदा फोटो गेला की परत बोलावता येत नाही. मी ते भोगतेय. तू विचार कर."

"केलाय. मावसबहिणीची धाकटी दोन वर्षांची आहे."

आई खाली वाकली आणि स्वतःच्या हातानं लेकीच्या पट्ट्या सोडवू लागली. कापड चिकटलेल्या जागी ती फुंकर घालायची, आणि नवरी डोळे मिटून खुर्चीचे हात घट्ट धरायची.

या फोटोसाठी फोटोवालीनं उन्हं कलायची वाट पाहिली नाही. खिडकीचा पडदा सारला, पडला तो उजेड घेतला आणि काढला. मग दोन फोटो शेजारी शेजारी लावले: निळ्या पाण्यात हसणारी नवरी आणि तिचे लालभडक, साल गेलेले पाय. ती खाली ओळ लिहू लागली, तशी आत्यानं तिचा हात धरला.

"खाली नको. मधोमध लिही, दोन्ही फोटोंवरून आडवं. कापायला जागाच ठेवू नकोस."

त्या फोटोला पहिल्यापेक्षा वेग आला. वाईट बोलणारेही निघाले. नवरीनं दोन दिवस फोन बंद ठेवला. पण मावसबहिणीनं बेत रद्द केला. आणखी कुणाकुणाच्या अंगावरचे चट्टे उजेडात आले, कारण इतके दिवस जो तो आपल्याला काहीतरी चावलं असेल म्हणून गप्प होता. शेवटी सरकारी माणसं आली, पाण्याच्या बाटल्या भरून घेऊन गेली, आणि खाणीला जाळीचं कुंपण पडलं. डोंगर काही भरून आला नाही. पाणी आजही तसंच निळं आहे.

लग्न ठरल्या दिवशीच झालं. नवरीनं कापडी सपाता घातल्या होत्या आणि बहुतेक वेळ ती बसूनच होती. फोटो फोटोवालीनं काढले.

लग्नानंतर काही दिवसांनी नवरीची आई एकटीच स्टुडिओत आली. फोटोवालीला वाटलं, अल्बमबद्दल काही तक्रार असणार.

"अल्बम चांगलाय," आई म्हणाली. ती पदराशी चाळा करत उभी राहिली. "माझ्या माहेरी घरामागं एक टेकडी होती. आम्ही पोरी तिथं सरपणाला जायचो. गेल्या वर्षापासून ती खोदतायत. भाऊ म्हणतो, येऊन बघू नकोस, ओळखू येणार नाही." तिनं पदर सोडला. "तुम्ही याल का कॅमेरा घेऊन?"

"येईन," फोटोवाली म्हणाली. "पण तुम्हाला बरोबर यावं लागेल. मी नवखी. तिथं आधी काय होतं, ते मला कुठं दिसणार?"

"मी रडेन हं तिथं. आधीच सांगते."

"रडा की. मी थांबेन."

आतून आत्यानं विचारलं, तिकडे जायला सकाळची गाडी आहे का, आणि असेल तर मलाही उठव.