खिळ्यावरची केरसुणी

मी शिंदीची केरसुणी बोलतेय. हो, तीच. जिला तुम्ही लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहता आणि दुसऱ्या दिवशी विसरता.

पुण्याजवळच्या मांजरी गावापलीकडच्या ओढ्याकाठी माझी पानं वाढली. बायडाबाईनं ती वाळवली, चिरली, पाणी मारून मऊ केली आणि माझी मूठ अशी आवळली की मलाच धाप लागली. मग मंडईबाहेर फुटपाथवर आम्हाला मांडून बसली. शेजारी कारखान्यातल्या प्लॅस्टिकच्या झाडूंचा रंगीत ढीग. गिऱ्हाइकं सगळी तिकडं.

तेवढ्यात कोथरूडची सृष्टी आली. "मावशी, यंदा मी ठरवलंय. मशीनचं काही घ्यायचं नाही. हातानं केलेलंच."

"घे की बाई. पर झाडणार हाईस का नुसती पुजणार?"

"म्हणजे?"

"समद्या पुजत्यात. पुजून केरसुणी झिजत न्हाई, आन झिजली न्हाई तर दुसरी कोण घेणार? औंदा बघते, न्हाईतर शिंदी आणायची बंद."

"झाडणार हो!" सृष्टीनं मान डोलवली.

डोलवली म्हणजे डोलवलीच. पूजा झाली, बत्तासे झाले, आणि मी हॉलमधल्या खिळ्यावर! मला कुणाचा पाय लागू नये याची काळजी घेतली, हात लागावा हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. पाहुणे फोटो काढायचे. "किती सुंदर! हँडमेड ना?" सृष्टी फुलायची. आणि केर कोण काढायचं? दाराआडचा निळा प्लॅस्टिकचा झाडू.

मला त्याचा राग नव्हता, नवल होतं. एकदा विचारलं, "तुला बांधलं कुणी रे?"

"बांधलं नाही. साच्यातून पडलो."

"साच्यापाशी कोण होतं?"

"एक बाई होती. तोंड दिसलं नाही. माझ्यामागं लगेच दुसरा पडला."

मी बराच वेळ त्या बाईचाच विचार करत राहिले. तिची मान दुखत असेल का? तिला कुणी विचारत असेल का?

मग एका सकाळी स्वयंपाकघरात कणीक सांडली. झाडू ती नुसती इकडची तिकडं करत राहिला. कामाला येणाऱ्या इंदुबाईनं तो फेकला आणि सरळ मला उतरवलं.

"अहो इंदुबाई, ती नको! डेकोरेशनची आहे ती!"

"डेकोरेशनला तोरण आणायचं. ही झाडायला बांधलीय."

सृष्टी बोलायला गेली आणि थांबली. मंडईतली डोलवलेली मान आठवली असावी. हळूच म्हणाली, "ओट्याखालीपण राहिलंय."

तेव्हापासून मी रोज जमिनीवर आहे. फरशी गार असते, केरात काय काय सापडतं! एका बाजूनं पार झिजले, मूठ ढिली झाली. दिवाळी आता तोंडावर आलीय.

सृष्टी, एक कर. मला कचऱ्याच्या गाडीत टाकू नकोस. पिशवीत घाल आणि मंडईत ने. बायडाबाई बसलेली असली तर मला तिच्यापुढं ठेव. बोलू काही नकोस. झिजलेली मी तिला दिसू दे.