ळ नसलेली खोली

मित्रांनो, म्हाताऱ्या माणसाचा एखादा दात पडतो, तशी माझी एक कळ पडली आहे. बाकी माझं ठीक आहे. मी एक जुना लॅपटॉप आहे.

एका लांबलचक कारखान्यात हातमोजे घातलेल्या बायांनी माझे स्क्रू पिळले आणि पुसून मला खोक्यात घातलं. माझी पहिली नोकरी एका शाळेच्या कचेरीत होती. मुलांची नावं लिहिता लिहिता सहा वर्षं गेली. मग नवा लॅपटॉप आला आणि मी कपाटात गेलो. दोन वर्षं माझ्यावर नकाशांची गुंडाळी पडून होती. शेवटी तिथल्या शिपायाने साहेबांना विचारून मला आपल्या बहिणीकडे नेलं.

ही बहीण शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिचं मशीन होतं आणि त्याच्या शेजारी आता मी. माझ्यावर तिने एक प्रोग्राम घातला. गिऱ्हाइकाची मापं भरली की कापड कसं कापायचं, त्याचे कागद तो छापून देई. काही हौशी माणसांनी मिळून तो बनवला होता आणि गावोगावचे शिंपी तो वापरत. त्यांच्या अडचणींची पत्रं येत आणि त्यांना उत्तरं लिहिण्याचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं होतं. पुढे तिला बाळ झालं. पत्रं साचू लागली.

एकदा एका म्हाताऱ्या शिंप्याने विचारलं होतं, शर्ट सैल का होतात? तिने उत्तर लिहिलं, की शिलाईची जागा प्रोग्राम स्वतःच सोडतो, तुम्ही ती मापात आणखी मिळवू नका. हे उत्तर पोचलं नवव्या दिवशी. तोवर त्यांनी एका शाळेचे चाळीस शर्ट कापले होते. त्यांनी परत लिहिलं, "उत्तर बरोबर आहे, ताई. कापड मात्र परत जोडता येत नाही."

ते वाचून तिने प्रोग्राम बनवणाऱ्यांपैकी मुख्य असलेल्या दादांना फोन लावला. "दादा, एक खोली उघडू या. चॅटरूम. माणूस आला, त्याने विचारलं, लगेच उत्तर मिळालं. माझ्याच लॅपटॉपवर चालवीन. रोज तीन ते चार मी बसते."

"आणि कोणी आलंच नाही तर? ओस पडलेलं दुकान उघडं ठेवण्यापेक्षा बंद बरं."

"एक महिना द्या."

"दिला. महिना भरेल त्या दिवशी तीन वाजता मी स्वतः येऊन बघतो. सामसूम असली तर बंद."

अशी ती खोली माझ्या पोटात उघडली. मी चालू तर खोली चालू, मी बंद तर खोली बंद. माझी बॅटरी कधीच मेली होती, म्हणून सारी भिस्त भिंतीतल्या वायरीवर.

आणि दुसऱ्याच दिवशी बाळाने माझी ळ ची कळ उपटली आणि तोंडात घातली. तिने बोट घालून ती काढली, पण खालचा रबरी बोंडा तुटला होता. तेव्हापासून माझ्यातून ळ उमटत नाही. जुन्या मजकुरातून एकेक ळ शोधून आणून चिकटवायचा तर दोन हात लागतात आणि तिचा एक हात कायम बाळाखाली असे. "जाऊ दे," ती म्हणाली, "ळवाचून काय अडतंय?"

पुष्कळ अडलं, मित्रांनो.

पण आधी अडलं ते वेगळंच. लोक येत, "कोणी आहे का?" असं लिहीत आणि मिनिटभरात निघून जात. ती बाळाला खांद्यावर टाकून एका बोटाने "आहे" लिही, तेव्हा समोर कोणी नसे. पहिल्या पंधरवड्यात असे अकरा "आहे" माझ्या पडद्यावर लोंबकळत होते.

सासूबाई दारातून बघत. "रिकाम्या खोलीत कोणाशी बोलतेस गं?"

"रिकामी कुठे आहे, आई? मी आहे ना."

मग तिने खोलीच्या वरच्या पाटीवर लिहिलं, "प्रश्न लिहा आणि बसून राहा. उत्तर येईल." त्या पाटीखाली पहिल्यांदा बसून राहिले ते चाळीस शर्टवाले शिंपीकाकाच.

"गळ्याला झोळ येतोय," त्यांनी लिहिलं.

"गा मोठा झाला असेल," हिचं उत्तर.

"ताई, मी गात नाही. शिवतो."

"गा म्हणजे मान जिथून जाते तो. मापात शिलाई मिवलीत का?"

"मिळवली. चाळीस वर्षांचा हात आहे, तो कुठे माझं ऐकतोय."

"काढून टाका. झो जाईल. थांबा, बा उठलं."

"वडिलांना उठलं म्हणता?"

"वडील नाहीत, बा. लहान. रडतंय."

मग काकांनी लिहिलं, "कळलं. आधी बाळाला घ्या. मी बसलोय."

त्यानंतर ते रोज येऊ लागले. आणखी दोघं-तिघं बसू लागली. कोणाला मध्येच उठायचं असलं की तो "बा उठलं" लिहून जाई, मग त्याच्या घरी बाळ असो वा नसो. पण महिना भरत आला, तरी ती नसली की खोली गप्प असे. कोणी विचारलं तर बाकीचे तिची वाट बघत.

शेवटच्या दिवशी सकाळीच बाळाला ताप भरला. दुपारी दोनपर्यंत उतरेना. तिने एका हाताने टाइप केलं, "बा आजारी. दवाखान्यात जाते. आलेल्यांनी जाऊ नका." आणि ती गेली.

मी चालू राहिलो. मला दुसरं काय येतं? खिडकीतून ऊन आलं, माझा पंखा घरघरू लागला. सासूबाई आल्या. "तापलाय मेला," म्हणून त्यांनी वायरीला हात घातला. मग पडद्यावरचं वाचलं. हात काढला, खिडकीचा पडदा ओढला आणि माझ्याखाली सुताची दोन रिळं सरकवली, वारा लागावा म्हणून.

तीन वाजता दादा चॅटरूममध्ये आले. नुसतं नाव दिसत होतं. आणि तेवढ्यात कोणी नवीनच आलं.

"कोणी आहे का?"

मित्रांनो, ते अर्धं मिनिट मी कधी विसरणार नाही.

"आहे. बसा," शिंपीकाकांनी लिहिलं. "काय झालं?"

"फ्रॉक सैल होतोय."

"मापात शिलाई मिळवलीत ना? मीही मिळवायचो. चाळीस शर्ट घालवले. आधी कात्री खाली ठेवा."

पाठोपाठ दुसरा प्रश्न आला. त्याला रोज बसणाऱ्या एका ब्लाउजवालीने उत्तर दिलं. चार वाजायला आले तेव्हा दादांनी विचारलं, "ताई कुठे आहेत?"

"बा आजारी आहे," काकांनी लिहिलं. मग म्हणाले, "त्यांच्या मशीनवर ळ नाही हो. आपल्याकडे आहे की. हा घ्या, ताई, ठिगळ म्हणून ठेवा." आणि खाली एकटाच एक ळ. त्याच्याखाली ब्लाउजवालीचा ळ. मग आणखी दोन. शेवटचा, आताच आलेल्या नव्या माणसाचा.

दादांनी खोली बंद केली नाही. त्यांनी फक्त वरच्या पाटीच्या शेवटी एक ळ कायमचा लावला, तिच्या हाताशी.

पाच वाजता ती आली. बाळ खांद्यावर झोपलेलं, कपाळ गार. तिने उभ्यानेच सगळं वाचलं, खाली बसली, एका बोटाने पाटीवरचा ळ उचलला आणि हवा तिथे चिकटवला.

"बाळ बरं आहे."

आता ते बाळ शाळेत जातं. मी अजून खिडकीपाशी आहे, रिळांवर. एवढंच मागणं आहे, मित्रांनो. एखाद्याची एक कळ गेली, तर त्याला कपाटात ढकलू नका; उरलेल्या कळांनी तो काय म्हणतोय ते वाचा. आणि दारातून कोणी हाक घातली, तर ती हाक माझ्यासाठी नाहीच असं मनात आणू नका. "आहे, बसा," म्हणा. तेवढ्यावर खोली चालते.