फोटोपुरती लिहिलेली सूचना

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. चिंचखडी गावच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, दरवाजाच्या डाव्या हाताला मी टांगलेला आहे. माझ्या डोक्यावर 'सूचना फलक' असे लिहिले आहे म्हणतात. 'म्हणतात' अशासाठी की मला स्वतःला ते कधी वाचता आलेले नाही. जे काही लिहितात ते माझ्या तोंडावर लिहितात, आणि स्वतःचे तोंड कोणाला दिसते? कोणी मोठ्याने वाचले, तरच आपल्यावर काय लिहिले आहे ते मला कळते. ही माझी मोठी उणीव आहे. अशा अर्धवट माहितीच्या फळ्याने तुम्हाला काही सांगावे की नाही, याचा मी बराच विचार केला. पण माझ्या नावावर एक खोटे खपवले गेले आहे, आणि ते मनात ठेवून मला आता टांगून राहवत नाही.

सहादेव सुतारांनी मला कडुनिंबाच्या फळ्या जोडून बनवले. कडुनिंबाला कीड लागत नाही, म्हणून. तीन फूट उंच, पाच फूट रुंद, चारी बाजूंनी पट्टी. दर दिवाळीला काळा रंग द्यायचा असे ठरले, आणि कितीतरी वर्षे तो मिळालाही. मी टांगला गेलो त्या दिवशी सहादेव म्हणाले होते, "हा फळा गावाच्या कामाचा हाय. ह्याच्यावर कोनी खाजगी लिहू नये." ते आता नाहीत. बरेच झाले म्हणावे लागते.

माझ्या उमेदीच्या काळात माझ्यावर काय काय लिहिले गेले! पोलिओचा डोस, जनावरांना लाळ्या-खुरकुताची लस, रेशनची साखर, टँकरची वेळ. पंचायतीचा शिपाई वैजनाथ खडूने लिहायचा. त्याचे अक्षर वळणदार होते असे लोक म्हणत. मला त्याचा हात हलका होता एवढेच ठाऊक.

आणि लिहिलेले वाचायच्या मरियाबाई. मिशनच्या शाळेत त्या चौतीस वर्षे शिक्षिका होत्या. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी बाराखडी शिकवली, त्यामुळे साऱ्या गावाच्या त्या 'बाई'. निवृत्त झाल्यावर रोज सकाळी आठ वाजता डेअरीवरून दुधाची किटली घेऊन येताना त्या माझ्यासमोर थांबत आणि वर्गात वाचावे तसे सारे खणखणीत वाचत. ज्यांना वाचता येत नव्हते त्या बाया आणि म्हातारी माणसे ती वेळ धरून येत. गावाला त्याची सवयच झाली होती. बाईंनी वाचले म्हणजे गावाला कळले, असा हिशेब.

त्यात सगळ्यांत आधी हजर असायची रतनबाई. तिच्याकडे बावीस शेळ्या. जमीन नाही, नवरा नाही, मुलगी नांदायला गेलेली. गावाच्या उत्तरेला साठ एकर गायरान आहे, खडकाळ, पण बोरी-बाभळींनी भरलेले, खाली पाझर तलाव. त्या गायरानावर शेळ्या चरतात, म्हणून रतनबाईची चूल पेटते. ती शेळ्या घेऊन निघताना माझ्यापुढे थांबे आणि विचारी, "बाई, आज काय म्हनतोय फळा?" लस असली की दुसऱ्या दिवशी तिच्या शेळ्या पहिल्या रांगेत असत.

एकदा तहसीलदारसाहेब आले होते. ते म्हणाले, तालुक्यात एवढा वाचला जाणारा फळा मी पाहिला नाही. मला लाज वाटली, पण खोटे कशाला सांगू, बरेही वाटले.

मग मोबाईल आले. पंचायतीने गावाचा ग्रुप काढला. सूचना तिथे पडू लागल्या. बाईंचे गुडघे दुखू लागले होते. त्यांनाही वाटले, आता आपली गरज उरली नाही. त्या यायच्या थांबल्या. रतनबाईकडे मोबाईल होता, पण तो फक्त मुलीचा फोन घेण्यापुरता. ती काही दिवस सवयीने थांबत राहिली. मग तिनेही सोडले. कोणी बोलावून सांगेल, असे तिने धरून चालले. गावाची चूक झाली ती इथे. सगळ्यांनी असेच धरून चालले.

माझा रंग उडाला. आणि एके दिवशी माझ्या तोंडावर फ्लेक्स बांधला गेला. कोणाच्यातरी वाढदिवसाचा. तो उतरला की दुसरा. मी वर्षभर फ्लेक्सची पांढरी पाठ पाहत होतो. बाहेरचे दिसत नसे, फक्त ऐकू येई.

त्या दिवसांत जे ऐकू येई, ते सारे पार्कविषयी होते. शिर्डीला विमानाने माणसे येतात, त्यांच्यासाठी आपल्या जिल्ह्यात भला मोठा थीम पार्क होणार. पाण्याच्या घसरगुंड्या, आकाशपाळणे, खोटे डोंगर, खोटा बर्फ. आमच्या तालुक्याचे नेते म्हणत, मी आणला. शेजारच्या तालुक्याचे नेते म्हणत, तो तर आमच्याकडे होणार. जिथे प्यायला टँकर लागतो तिथे घसरगुंडीला पाणी कुठून येणार, असे एका म्हाताऱ्याने पारावर विचारले. त्याला 'तुम्ही गप बसा आबा' म्हणून बसवले गेले.

गावात पांढऱ्या गाड्या येऊ लागल्या. चहाच्या टपरीवर जमिनीचे दलाल बसू लागले. काल माळरान म्हणून ज्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते, त्याचे भाव बोलले जाऊ लागले. शहरातल्या सावेडीच्या बंगल्यांतून माणसे आमच्याकडचे खडक बघायला येत आणि उन्हात फोटो काढून जात. एका अर्थी मला ती माणसे आवडली. निदान ती स्वतःच्या पैशाने स्वतःसाठी खडक घेत होती. गायरान मात्र कोणाचे नव्हते, म्हणजे सगळ्यांचे होते. आणि पार्कच्या कंपनीला रस्त्यालगत नेमके तेच हवे होते. त्यासाठी गावची हरकत नाही असा ग्रामसभेचा ठराव लागत होता.

आमचे सरपंच काकासाहेब. माणूस गोड बोलणारा. ग्रामसभा घ्यायची तर सात दिवस आधी सूचना फळ्यावर लागली पाहिजे, हा नियम त्यांना पाठ होता. नियमातली फट त्याहून पाठ होती. सभेला पुरेशी माणसे आली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा किती माणसे हवीत याची अटच नसते.

तो बाजारचा दिवस होता. दुपारी गाव रिकामे असते. माझ्यावरचा फ्लेक्स अचानक सुटला आणि वर्षानंतर मला उजेड दिसला. समोर वैजनाथ ओले फडके घेऊन उभा होता, मागे काकासाहेब, हातात मोबाईल. मला आनंद झाला, मित्रांनो. मला वाटले, माझी आठवण झाली. वैजनाथने मला पुसले आणि एका कागदावरून उतरवून दहा-बारा ओळी लिहिल्या. त्याचा हात त्या दिवशी जड होता. काकासाहेबांनी मोबाईल वर धरला, दोन फोटो काढले, आणि म्हणाले, "पूस आता."

वैजनाथ घुटमळला. "लगेच? अजून कुनी वाचलं न्हाई."

"वाचायला न्हाई लिहिलं, ग्रुपवर बी न्हाई टाकायचं. फोटोला लिहिलंय."

त्याने पुसले. फ्लेक्स पुन्हा बांधला. माझ्यावर काय होते ते मला कळलेच नाही, कारण ते कोणी वाचलेच नाही. इतक्या वर्षांत असे कधी झाले नव्हते.

आठवड्याने सभेची सतरंजी अंथरली गेली आणि तासाभराने उचलली गेली. पुढच्या आठवड्यात पुन्हा अंथरली. अकरा जण आले, सगळे काकासाहेबांच्या बैठकीतले. कुजबुज झाली, सह्या झाल्या, पेढा वाटला. मला वाटले, कोणाला मुलगा झाला असावा. इतका मी भोळा.

चार दिवसांनी सकाळी शेळ्यांचा गलका पंचायतीच्या दारात आला. रतनबाई होती, आणि शेजारी काठीचा आवाज, म्हणजे मरियाबाई. रतनबाई धापा टाकत होती. गायरानात चुन्याची फक्की मारली होती, खुंट्या ठोकल्या होत्या, आणि टोपी घातलेल्या एका माणसाने तिला सांगितले होते की उद्यापासून शेळ्या इकडे आणायच्या नाहीत.

"काकासाहेब, गायरान कुनी दिलं?"

"गावानं दिलं, मावशी. ग्रामसभेचा ठराव हाय."

"कवा झाली सभा? मी गावातच हाय की."

"नोटीस हुती फळ्यावर, सात दिस. तुमी वाचली न्हाई, त्याला मी काय करू?"

ज्या बाईला वाचता येत नाही हे साऱ्या गावाला माहीत आहे, तिला तो हे म्हणाला. माझ्या लाकडाला तडा जाईल असे मला झाले. मग त्याने पुरावा म्हणून मोबाईलमधला फोटो दाखवला. मरियाबाईंच्या चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज आला आणि त्यांनी सवयीने तो मोठ्याने वाचला. 'सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की, गट क्रमांक दोनशे सात येथील गायरान जमीन...' तेव्हा, मित्रांनो, माझ्या अंगावर काय लिहिले गेले होते ते मला पहिल्यांदा कळले. मी साक्षीदार होतो. खोटा साक्षीदार.

रतनबाई वैजनाथकडे वळली. "तुझ्या हातचं हाय हे. सांग बाबा, किती दिस हुतं?"

वैजनाथचा खराटा अंगणात खरखरू लागला. पंचायतीच्या पगारावर त्याचे घर चालत होते. मी त्याला दोष द्यायला धजत नाही. मीही गप्पच होतो.

बाई मात्र स्वतःलाच दोष देत राहिल्या. "मी वाचायची थांबले, रतन. पाय दुखतात म्हणून थांबले."

"तुमी न्हाई बाई, आमी इचारायचं थांबलो," रतनबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता काठीचा आवाज आला. बाईंनी वैजनाथला फक्त एवढेच सांगितले, "हे सोड." वर्गात सांगत तसे. त्याने फ्लेक्स सोडला. मग बाईंनी आपल्या हाताने माझ्यावर लिहिले, आणि लिहिलेले मोठ्याने वाचले. गावाला न विचारता गायरान दिले गेले आहे. पुन्हा सभा मागण्यासाठी अर्जावर सह्या हव्या आहेत. बस्स. त्या दिवसापासून रोज वाचन सुरू झाले. सही करायला माणसे येत, ज्यांना सही येत नाही ती अंगठा देत. पार्क व्हावा असे वाटणारेही आले. एक पोरगी, सृष्टी, म्हणाली, मला तिथे नोकरी मिळाली तर हवी आहे, पण मला न विचारता माझ्या नावाने होकार कसा दिला? मला तिचे फार पटले.

तिसऱ्या रात्री कोणीतरी मला पुसून टाकले. सकाळी बाई यायच्या आत वैजनाथ आला, इकडेतिकडे पाहिले, आणि सारे पाठ असल्यासारखे पुन्हा लिहून काढले. हात हलका होता.

सह्यांचा अर्ज तालुक्याला गेला आणि विशेष सभा भरली. पंचायत समितीचे अधिकारी आले. दोनशेच्या वर माणसे होती. सतरंजी पुरली नाही. काकासाहेबांनी फोटो दाखवला आणि सूचना रीतसर होती असे सांगितले. अधिकाऱ्यांनी विचारले, ही कोणी लिहिली?

वैजनाथ उठला. "म्या लिहिली साहेब. म्याच पुसली. मधी च्या प्यायला लागतो तेवढा बी येळ गेला न्हाई."

पहिला ठराव रद्द झाला. पार्कचे काय ते पुन्हा नीट सूचना देऊन, साऱ्या गावाला विचारून ठरवायचे, असे ठरले. खुंट्या निघाल्या. रतनबाईच्या शेळ्या गायरानात आहेत. उद्या काय होईल ते मला सांगता येत नाही; वरचे निर्णय माझ्यावर लिहून होत नाहीत.

पण माझा राग गेलेला नाही. कारण पुढच्याच महिन्यात निधी नाही असे कारण देऊन वैजनाथला कामावरून कमी केले. खरे बोलल्याबद्दल असे कागदावर लिहायची हिंमत कोणात नव्हती. तो आता कांद्याच्या चाळीवर गोण्या भरतो. ज्यांनी खोटा फोटो काढला ते अजून खुर्चीवर आहेत, आणि नेते भाषणात सांगतात की चिंचखडीने विकास पळवून लावला.

आणि परवा पुन्हा माझ्या तोंडावर फ्लेक्स बांधला. नेत्यांचे हसरे तोंड, मागे आकाशपाळणा. सकाळी रतनबाई शेळ्यांना पाला तोडायचा कोयता घेऊन आली आणि तिने चारी दोऱ्या कापल्या. काकासाहेब दारातून म्हणाले, "मावशी, साहेबांचा फ्लेक्स हाय तो."

"व्हय, लई जाड हाय," ती घडी घालत म्हणाली. "शेळ्यांच्या छपराला बरा. पान्याचा थेंब न्हाई आत यायचा."

मित्रांनो, मी स्वतःसाठी काही मागत नाही. रंग नाही दिला तरी चालेल. पण तुमच्या गावात माझा कोणी भाऊबंद टांगलेला असेल तर जाता-येता त्याच्यापुढे थांबा. त्याच्यावर काय आहे ते वाचा, तारीख बघा. मनात वाचू नका. शेजारी एखादी म्हातारी शेळ्या घेऊन उभी असेल, तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वाचा.