पुलाचा उतार

हंगामातल्या सातही दौडींत चंचल दुसरी आली होती. पहिली अमरीन. गडचिरोलीला, मूलला, मार्कंड्यालासुद्धा. लोक म्हणायचे, "जोडी मस्त आहे बरं तुमची." चंचल हसायची आणि घरी जाऊन जेवायची नाही.

आठवी, शेवटची दौड त्यांच्या गावी वडशातच होती, दहा किलोमीटरची. त्यानंतर दोघींनाही दोन महिने सुट्टी.

आदल्या सकाळी सराव झाल्यावर अमरीन रस्त्याकडेच्या दगडावर बसली. तिने मोजा खाली सारला. उजव्या नडगीवर बोटभर जागा सुजून तांबूस झाली होती.

"डॉक्टर म्हणते, हाडाले बारीक चीर गेली. पळायचंच नाई."

"मंग उद्या?"

"उद्याची एक पळून घेते. मंग सुट्टीच हाय. अब्बूले सांगजो नको, ते घराबाहेर निघू देनार नाई. फक्त तुलेच सांगून राह्यली."

"कधी दुखते जास्त?"

"उतारावर. जोरात उतरलं का जीव जाते."

चंचलने तिच्या पायाला स्वतः पट्टी बांधून दिली, नीट, घट्ट. रात्री आई सुगंधाबाईने दोनदा विचारलं, भात वाढू का, तेव्हा कुठे तिला ऐकू आलं. ती वैनगंगेच्या पुलाचा उतार डोळ्यांपुढे आणत होती. जाताना एक, येताना एक.

सकाळी पुलापर्यंत दोघी खांद्याला खांदा लावून पळाल्या. बाकीच्या पोरी केव्हाच मागे पडल्या होत्या. पूल संपून उतार लागला आणि चंचलने एकदम वेग वाढवला. अमरीन कुणालाही पुढे जाऊ द्यायची नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. अमरीन आलीच, दात आवळून. सपाटीवर चंचल हळू झाली.

"बरी हायेस?"

"हो."

पाचव्या किलोमीटरला वळसा घेऊन दोघी परत पुलावर आल्या. वडशाकडचा उतार दिसताच चंचल पुन्हा सुटली. मागून पावलं ऐकू येत होती, एक जड, एक हलकं. अजूनही ती थांबू शकत होती. तिने आणखी जोर लावला.

वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज झाला.

"चंचल!"

तिने वळून पाहिलं. अमरीन डांबरावर पडली होती आणि तिचं पाऊल भलतीकडे वळलं होतं. जवळपास कुणी नव्हतं. चंचलने तोंड फिरवलं. उरलेले साडेतीन किलोमीटर ती जन्मात पळाली नव्हती तशी पळाली. शेवटच्या फितीपाशी तिचा बाप नथ्थू गमछा उडवत नाचत होता.

पाचव्या दिवशी ती अमरीनकडे गेली. अमरीनच्या पायात सळई घातली होती. तिची आई कमरजहाँचाचीने चंचलच्या हातात शिऱ्याची बशी दिली. अमरीनचे अब्बू सादिकचाचा शिलाई मशीन थांबवून उठले.

"बेटा, तुमी दोघी रोज संग राह्यता. पाय दुखते म्हून तिनं तुले सांगतलं होतं का? मले एक शब्द समजला असता तं मी जाऊ देतो का तिले?"

अमरीन खाटेवरून चंचलकडे बघत होती.

"नाई चाचा. मले काईच नाई सांगतलं."

"पाह्य!" सादिकचाचा लेकीवर उलटले. "हिलेबी नाई सांगतलं! एवढी घमेंड? एवढी हाव?" ते बोलत राहिले, त्यांचा आवाज फाटला. चाची तोंडाला पदर लावून रडू लागली. चंचलने शिरा संपवला. टाकला असता तर बरं दिसलं नसतं.

चाची बशी घेऊन आत गेली, चाचा मागच्या दारी तोंड धुवायला गेले, तेव्हा अमरीन हळूच म्हणाली, "डॉक्टर म्हणते, आता पळनं नाई होनार. कधीच."

चंचल उठली.

"तू वळून पाह्यलं होतं," अमरीन म्हणाली. "अब्बूले मी सांगनार नाई. ते मानतीलच नाई. तुले लै मानतात ते."

"आराम कर," एवढंच चंचल म्हणाली आणि चपला घालून बाहेर पडली.

कोपऱ्यावरच्या पानठेल्याशी चारजण उभे होते. त्यांतल्या एकाने हाक मारली, "वा चंचलबाई, आखिर पहिला नंबर काढलाच!" ती थांबली, हसली आणि त्यांनी पुढे केलेला पेढा तिने घेतला.