भाकरीपासून पुढे

बंदराच्या तोंडातून बोट बाहेर पडली की हानुसमामा इंजिन मंद करायचा, टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचा आणि ओठ न हलवता काहीतरी म्हणायचा. बोटीतले बाकीचेही टोप्या काढत. टोप्या परत डोक्यावर चढल्या की इंजिन पुन्हा गुरगुरायला लागायचं. मधल्या वेळात कोण काय म्हणतं, हे कुणी कुणाला विचारत नसे. फेरो बेटांवर माणूस दुसऱ्याचा पगार विचारेल, वजन विचारेल, पण हे नाही.

सुन्निवाला मात्र लहानपणापासून एका गोष्टीचं कोडं होतं. मामाची टोपी नेहमी सगळ्यांच्या आधी डोक्यावर जायची. आजही तेच झालं. चर्चचा पाळक मिक्याल अजून डोळे मिटून बसला होता, आणि मामा टोपी सारखी करून समोर बघत होता.

"मामा, तुझी प्रार्थना एवढ्यात संपते कशी?"

"असं विचारतात का?"

"मी विचारतेय."

"विद्यापीठात जाऊन हेच शिकलीस वाटतं," मामा म्हणाला आणि चेहऱ्यावर उडालेलं खारं पाणी झटकायला त्याने तोंड फिरवलं.

विद्यापीठात ती लाटा शिकली होती. दूरच्या वादळातून निघालेली लाट किनाऱ्यापर्यंत कशी येते, मोठ्या लाटा घोळक्याने का येतात, घोळक्यामागे पाणी थोडा वेळ का निवतं, यावर तिने प्रबंध लिहिला होता. आणि तीन वर्षांत ती बोटीतून खडकावर एकदाही उतरली नव्हती.

तिची बहीण मार्युन राहायची ते बेट म्हणजे समुद्रातून सरळ वर गेलेला कडा. कड्याच्या पायथ्याशी खडकात कोरलेल्या पायऱ्या, आणि तिथे बोट बांधता येत नाही. लाटेने बोट उचलली की वरून कुणीतरी हात पुढे करतं आणि तुम्ही उडी मारता. तीन वर्षांपूर्वी सुन्निवाने डोळे मिटून, बोट खाली जात असताना उडी मारली होती. ती पडली बोट आणि खडक यांच्या मधल्या पाण्यात. मामाने बोट मागे घेतली, तिची कॉलर धरली आणि तिला माशासारखं वर ओढलं. तेव्हापासून ती बहिणीकडे हेलिकॉप्टरने जायची. आज मात्र ढग डोंगरावर ठाण मांडून बसले होते.

आणि आज मार्युनच्या मुलीचा बाप्तिस्मा होता. सुन्निवा बाळाची धर्ममाता. पाळकाने विचारल्यावर बाळाचं नाव पहिल्यांदा मोठ्याने उच्चारायचा मान धर्ममातेचा. पाळक या बेटावर क्वचितच येतो, आणि हवा नेहमी अशीच असते; दिवस पुढे ढकलण्यात अर्थ नव्हता.

"तू आली नाहीस तर सासूबाई बाळाला घेतील," मार्युन सकाळी फोनवर म्हणाली होती. "मग जन्मभर ऐकेन मी. 'तुझ्या बहिणीला चार पायऱ्या चढवेनात, म्हणून मी उभी राहिले.' तू ये गं."

बेट जवळ येऊ लागलं तशी सुन्निवाची बोटं गार पडली. ते ती नीट निरखत होती. आधी बोटं, मग गुडघे. दर वेळी हाच क्रम.

"तू घाबरतोस का कधी?" तिने मामाला विचारलं.

"रोज."

"मग प्रार्थनेचा उपयोग काय? मी तीन वर्षं मागतेय, देवा, ही भीती काढून टाक. ती जागची हललेली नाही."

मामाने पाळकाकडे पाहिलं. पाळकाचा रंग उतरला होता. त्याने झग्याची प्लॅस्टिकची पिशवी पोटाशी धरली होती.

"पाळकसाहेब, हे तुमचं खातं."

"आत्ता नको," पाळक कसाबसा म्हणाला. "आत्ता तोंड उघडलं तर बाहेर पडेल ते शास्त्रवचन नसेल."

मामा हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "प्रभूने शिकवलेली प्रार्थना घे. तिचा पहिला भाग सगळा देवाचा. त्याचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा. माणसाचं मागणं सुरू होतं ते 'आमची रोजची भाकरी दे' इथून. मी बोटीत इच्छेपर्यंत येतो आणि थांबतो. भाकरीपासून पुढचं खडकावर पाय ठेवल्यावर."

"का?"

"तरुण असताना एकदा म्हणता म्हणता मध्येच लाट आली, उडी मारावी लागली. उरलेलं वर जाऊन म्हटलं. तेव्हापासून तसंच. बोलता बोलता कुणी अर्ध्यावर उठून गेलं तर आपण त्याची वाट बघतोच ना? देवही बघतो."

"आणि पाय खडकावर पडलाच नाही तर?"

"तर उरलेलं समोरासमोर बोलू."

गावातल्या चर्चमागच्या भिंतीत समुद्रात गेलेल्यांची नावं कोरलेली होती, हे सुन्निवाला आठवलं. ते सगळे टोपी काढणारेच होते, आणि हे मामाला तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यात त्याचा भाऊ होता.

खडक आला. वर मार्युनचा नवरा याकुप हात पसरून उभा होता. पाळक आधी उतरला. "आता! नाही, थांबा! आता!" करत तो अखेर याकुपच्या छातीवर जाऊन आदळला.

"या पाळकसाहेब!" याकुप ओरडला. "मिठी नंतर मारली असती तरी चाललं असतं!"

मग सुन्निवा कडेला उभी राहिली. गुडघे थरथरत होते. डोळे आपोआप मिटत होते. तिने मनात सुरुवात केली. नाव. राज्य. या शब्दांत तिचा उल्लेखच नाही, हे तिच्या पहिल्यांदा लक्षात आलं. भीती घालव म्हणताना ती दर वेळी भीतीकडेच बघत बसली होती. इथे बघायला ती स्वतः नव्हतीच. इच्छेपाशी ती थांबली, आणि तिचे डोळे उघडे होते.

समोर पाणी होतं. तिचं, ओळखीचं पाणी. लांबवरून लाटांचा एक घोळका येत होता. त्यातल्या लाटा कुठवर फुगलेल्या होत्या आणि कुठे विरळ होत होत्या, ते तिला स्वच्छ दिसलं. गुडघे अजून थरथरत होते. त्यांना थरथरू दे, असं तिला वाटलं.

"मामा, ही नको. हिच्यामागचीही नको. मग सांगते."

"सांग. मी बोट धरून आहे."

मोठ्या लाटा खडकावर फुटून गेल्या. त्यांच्यामागून एक सावकाश, गुळगुळीत लाट बोटीखाली शिरली. बोट वर चढली, आणि चढण संपून उतार सुरू व्हायच्या मधे एक क्षण सगळं थांबलं.

"आता," सुन्निवा म्हणाली आणि पलीकडे पाय टाकला.

याकुपने दंड धरला. "चल पळ! आई बाळाला घेऊन कधीची चर्चच्या दारात उभी आहे!"

धापा टाकत दोघं वर पोहोचली. सासूबाईंनी बाळ तिच्या हातात दिलं आणि तिच्या ओल्या बुटांकडे पाहत म्हणाल्या, "आलीस म्हणायची."

पाळकाने नाव विचारलं. "रान्वा," सुन्निवाने स्पष्ट सांगितलं. पाणी डोक्यावर पडताच बाळाने चर्च दणाणून सोडलं, आणि मार्युन रडता रडता हसायला लागली.

मग सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना सुरू केली. सुन्निवाने तोंड उघडलं आणि तिला आठवलं, आपलं बोलणं अर्धं राहिलंय. पायऱ्या चढण्याच्या घाईत ती उरलेलं विसरूनच गेली होती. ती गप्प राहिली. नाव गेलं, राज्य गेलं, इच्छा गेली. भाकरीपाशी तिने आवाज मिसळला.

त्याच शब्दाला पलीकडच्या बाकावरून एक घोगरा आवाज उठला. हानुसमामा, रिकामी बोट यारीने कड्यावर ओढून घेऊन उशिरा आलेला, हातात टोपी. खडकावर त्यालाही वेळ मिळाला नव्हता की तो तिच्यासाठी थांबला होता?

परत जाताना विचारायचं, असं तिने ठरवलं. परत जाताना बोटीतूनच जायचं होतं.