भाऊजींची गुळगुळीत गाडी

माणसाने आयुष्यात एक तरी गोष्ट परिपूर्ण करावी. आमच्या भाऊजींनी ती केली, आणि तिच्यापायी आमची ताई घर सोडून गेली.

गोष्ट म्हणजे एक अमेरिकन गाडी, भाऊजींपेक्षा चार वर्षांनी मोठी. बावीस वर्षांत त्यांनी तिचं छत चार बोटं खाली आणलं, शेपटीला पंख लावले, दारांच्या मुठी काढून टाकल्या आणि जिथे जे वर आलेलं दिसेल ते घासून सपाट केलं. बोट फिरवलं तर कुठे अडकता कामा नये, हा त्यांचा धर्म. दार उघडायला बंपरखालची तार ओढावी लागे. ताई एकदा भर पावसात पाऊण तास ती तार चाचपत होती.

मार्चमध्ये जाताना ताई एवढंच म्हणाली, "आधी ती गाडी जाऊ दे, मग बघू." 'मग बघू' हे भाऊजींना वचन वाटलं.

गिऱ्हाईक मिळालं, दातांचे डॉक्टर. त्यांनी गाडीवरून दोनदा हात फिरवला. "साहेब, दागिना आहे हो!" मग ते भानावर आले. "चासी नंबर दाखवता? नावावर करायला कागदाशी ताडून बघतात."

भाऊजी बॉनेटखाली वाकले. मी टॉर्च धरला. नंबराच्या जागी माझाच चेहरा दिसत होता.

"इथेच होता," भाऊजी म्हणाले.

"मग?"

"बोटाला अडकत होता."

डॉक्टर बूट न वाजवता निघून गेले. वाहन कचेरीतला कारकून म्हणाला, "नंबर आणा, मग बोलू." पुन्हा कोरून घ्यावा, तर तो गुन्हा. महिनाभर भाऊजी गाडीत नुसते बसून राहिले. मी विचारलं, "जेवलात का?" तर म्हणाले, "दार लावून घे."

शेवटी भंगारवाला आला. त्याने पत्र्याला चुंबक लावलं. निम्म्या ठिकाणी ते खाली पडलं. "काका, हे लोखंड कुठलं? ही तर नुसती लांबी थापलीय, पुट्टी!" त्याने दोनशे किलो वजा केले आणि गाडी फरफटत नेली.

भाऊजींनी तिथूनच ताईला फोन लावला.

"गेली."

"बरं झालं."

"मग, कधी येतेस?"

ताईने तिकडच्या भाड्याच्या खोलीचा तीन वर्षांचा करार मार्चमध्येच केला होता.